कधीच न भेटलेला विषाणू शरीर ओळखतं कसं?

अनुस्वार

माणसाच्या डीएनएत प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत साधारण २०,०००. अँटीबॉडी हे एक प्रथिन, आणि प्रथिनासाठी जनुक लागतं. मग अब्जावधी वेगवेगळ्या आकारांना नेमक्या चिकटणाऱ्या अँटीबॉडी शरीर कुठून आणतं? मी जीवशास्त्र शिकवते. प्रतिकारशक्तीचा धडा आला की सगळ्यात आधी हा प्रश्न फळ्यावर लिहिते. बहुतेक ठिकाणी 'जंतू शिरला, शरीराने ओळखला, अँटीबॉडी तयार झाली' एवढ्यावर विषय संपवलेला असतो आणि ती ओळख पटते कशी, हे राहूनच जातं. इथे वेगवेगळ्या क्षेत्रांतली मंडळी आहेत, म्हणून धागा काढतेय.

कोडं दिसतं त्याहून अवघड आहे. कार्ल लँडस्टायनर (रक्तगट शोधणारे तेच) यांनी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं प्रथिनांना जोडून प्राण्यांना टोचली. त्या रसायनांशी त्या प्राण्यांच्या पूर्वजांची गाठ पडलेली असण्याची शक्यताच नव्हती. तरी प्राण्यांनी त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या, आणि त्याही अशा की दोन रसायनांमधला बारीकसा फरकही त्यांना कळे. म्हणजे 'लाखो वर्षांत भेटलेल्या जंतूंची यादी जनुकांत साठलेली आहे' हे उत्तर बाद.

१९४० साली लायनस पॉलिंग यांनी एक उत्तर सुचवलं. अँटीबॉडीची साखळी लवचीक असते, ती परक्या रेणूभोवती गुंडाळली जाते आणि त्याचा साचा घेते. वाचताक्षणी पटावं असं हे उत्तर आहे. आजही कुणाला विचारलं तर बहुतेक जण असंच काहीतरी सांगतील: शरीर शत्रूला बघतं, शिकतं आणि मग हत्यार बनवतं.

प्रत्यक्षात घडतं ते उलट. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी मांडलं की हत्यारं आधीच बनलेली असतात, तीही आंधळेपणाने. प्रतिकाराचं काम करणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या पेशीच्या अंगावर एकाच आकाराचे ग्राहक रेणू (परक्या रेणूला धरणारे) असतात. कुठल्या पेशीला कुठला आकार, हे नशिबावर. परका रेणू आला की ज्या मोजक्या पेशींना तो योगायोगाने चिकटतो, तेवढ्याच वाढतात आणि त्यांची प्रजा तयार होते. बाकीच्या तशाच फिरत राहतात, कित्येक तर काहीच न भेटता मरून जातात. पुढच्याच वर्षी गुस्ताव नॉसल आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी दोन वेगवेगळे प्रतिजन (अँटीबॉडी ज्याला चिकटते तो परका रेणू) टोचलेल्या उंदरांच्या पेशी एकेक करून तपासल्या. एक पेशी एकाच प्रकारची अँटीबॉडी बनवत होती.

राहिला जनुकांचा हिशेब. तो सोडवला सुसुमु तोनेगावा यांनी, १९७६ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संस्थेत. गर्भाच्या पेशींत आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींत त्याच जनुकाचे तुकडे त्यांनी पाहिले, तर गर्भात दूर असलेले तुकडे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीत जवळ आले होते. पेशी वाढत असताना तिने स्वतःचा डीएनए कापून पुन्हा जोडला होता. शरीरातल्या इतर कुठल्या पेशीने असं केलं तर आपण त्याला बिघाड म्हणू. बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या) आणि टी पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या किंवा बी पेशींना मदत करणाऱ्या) यांच्यामध्ये मात्र याच कामासाठी 'रॅग' नावाची दोन प्रथिनं असतात, आणि ज्या बाळांमध्ये ती जन्मतःच नसतात त्यांच्यात बी पेशीही तयार होत नाहीत आणि टीही नाहीत. तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं.

आकडे घालून बघा. अँटीबॉडीच्या जड साखळीसाठी 'व्ही' तुकडे सुमारे ४०, 'डी' २३ आणि 'जे' ६. प्रत्येकातला एक उचलायचा: ४० × २३ × ६ = ५,५२०. हलक्या साखळीचे पर्याय सुमारे ३२०. दोन्ही साखळ्यांचा गुणाकार १७ लाखांच्या पुढे जातो. त्यात तुकडे जोडताना सांध्यावर काही अक्षरं गळतात, काही नवी वाटेल तशी घातली जातात. तिथून आकडा अब्जावधींत शिरतो. दीडशेच्या आसपास तुकड्यांतून हे सगळं!

तर माझं म्हणणं असं, की निवडीचा हा मुद्दा पक्का झाला की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. पहिल्या आजाराला बरं व्हायला आठवडा का लागतो, गाठी का येतात, बूस्टर का घ्यायचा, शरीर स्वतःवरच का उलटतं, सगळ्याचं मूळ इथे आहे. विचारा, जमेल तसं लिहिते. वैद्यकातल्या लोकांनी भर घालावी ही विनंती.

शतपावली

उत्तम धागा, वाचतोय. पहिलीच शंका. आकार जर आंधळेपणाने बनत असतील, तर त्यातले कितीतरी आपल्याच यकृताला, आपल्याच हृदयाला चिकटणारे निघतील. मग आपण सगळे जिवंत कसे?

रात्रपाळी

@शतपावली, निघतातच. तुमची शंका पॉल एर्लिख यांनाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पडली होती, आणि शरीर स्वतःविरुद्ध असं काही करणं टाळतं असं त्यांचं मत होतं. कसं टाळतं हे मात्र बऱ्याच नंतर कळलं.

छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली मोठी असते, वय वाढेल तशी आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. कित्येक वर्षं तिला निरुपयोगी समजत होते. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांतून ती काढली, तर त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी (बी आणि टी याच गटातल्या) घटल्या, ते संसर्गांना बळी पडू लागले आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तरी ती नाकारेनात. टी पेशींमधला 'टी' थायमसचाच.

अस्थिमज्जेतून कच्च्या पेशी थायमसमध्ये येतात आणि तिथे त्यांची दोनदा परीक्षा होते. आपल्या शरीराचे एचएलए रेणू (पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणारे) जिला अजिबात वाचता येत नाहीत, ती मरते. आपल्याच प्रथिनांना जी फार घट्ट चिकटते, तीही मरते. दर १०० पैकी ९५ किंवा त्याहून जास्त पेशी थायमसमधून जिवंत बाहेर पडत नाहीत. एवढी नासाडी शरीर मुकाट्याने सोसतं, यावरूनच स्वतःवर उलटण्याचा धोका केवढा मोठा आहे ते कळावं.

आता यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. इन्सुलिन बनतं स्वादुपिंडात. मग छातीत बसलेल्या थायमसमधल्या पेशीला इन्सुलिन 'आपलं' आहे हे कळणार कसं? त्यासाठी थायमसमधल्या काही पेशी 'एअर' नावाच्या जनुकाच्या मदतीने इतर अवयवांची हजारो प्रथिनं थोडी थोडी बनवतात, केवळ परीक्षेत दाखवण्यासाठी. हे जनुक बिघडलेल्या मुलांमध्ये पॅराथायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथींवर स्वतःच्याच टी पेशी हल्ला करतात.

तरीही काही निसटतात. त्यांना आवर घालायला नियामक टी पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड राम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यामागचं 'फॉक्सपी३' हे जनुक शोधलं, आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं.

पारवा

दोघांचेही आभार. माझा प्रश्न साधा आहे. मुलीचा घसा धरला की दुसऱ्याच दिवशी जबड्याखाली गाठी लागतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. जंतू एकीकडे आणि सूज भलतीकडेच, असं का?

अनुस्वार

@पारवा, प्रश्न साधा नाही, अगदी मर्मावर आहे. आधी अडचण काय आहे ते बघा. एखाद्या विषाणूचा एक विशिष्ट तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती या घडीला शरीरात कुठेही असेल. आणि जखम झालीय टाचेला. या दोघांची गाठ पडायची कशी?

टाचेच्या कातडीत डेंड्रायटिक पेशी बसलेल्या असतात, फांद्या पसरलेल्या झाडासारख्या दिसतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचं वर्णन केलं. (२०११ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते. समितीला ते ठाऊक नव्हतं. कळल्यावरही पारितोषिक कायम ठेवलं.) ही पेशी जंतूचे तुकडे गिळते, जागा सोडते आणि लसिकावाहिनीतून जवळच्या गाठीत, म्हणजे जांघेत, येते. तिथे ती गिळलेले तुकडे अंगावर मांडून थांबते.

दुसरीकडून रक्तातल्या टी पेशी गाठीत उतरत असतात. एकेक पेशी साधारण दिवसभर त्या गाठीत भटकते, एकामागून एक डेंड्रायटिक पेशी चाचपते, जुळलं नाही तर बाहेर पडून पुढच्या गाठीकडे जाते. जन्मभर हेच. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत गाठीत हे पाहता येतं. एकेका डेंड्रायटिक पेशीला तासाभरात शेकडो टी पेशी चाटून जातात, थांबत कुणीच नाही. मग एखादी थांबते, आणि तासन्‌तास तिथून हलत नाही.

संसर्गाची खबर आली की गाठीत रक्त जास्त येऊ लागतं आणि बाहेर पडायची वाट काही काळ जवळजवळ बंद होते. आत शिरणाऱ्या पेशी वाढतात, निघणाऱ्या अडकतात. तुमच्या मुलीच्या पहिल्या एकदोन दिवसांतल्या गाठी बऱ्याच अंशी या कोंडीच्या. जेवढ्या जास्त पेशी आत, तेवढी योग्य पेशी सापडण्याची शक्यता जास्त.

आणि ती सापडली की विभाजन सुरू होतं. दिवसाला तीन वेळा धरा. पाच दिवसांत पंधरा विभाजनं, म्हणजे एका पेशीच्या ३२,७६८. पहिल्या खेपेला लागणारा आठवडा जातो तो या शोधात आणि या गुणाकारात.

तिरपा रकाना

एक कळलं नाही. अँटीबॉडी जर कुठल्याही आकाराला चिकटू शकते तर तेवढं पुरेसं नाही का? दोन-दोन प्रकारच्या पेशी कशाला हव्यात?

अनुस्वार

कारण अँटीबॉडी पेशीच्या आत जात नाही. विषाणू रक्तात आहे, नाकाच्या ओलाव्यात आहे, तोवर ती त्याला धरू शकते. तो एकदा पेशीत शिरला की बाहेरून पेशी पूर्वीसारखीच दिसते, आणि आत तो शांतपणे स्वतःच्या प्रती काढत बसतो.

यावरची व्यवस्था अशी. स्वयंपाकघरात काय शिजतंय त्याचा एकेक घास खिडकीत मांडून ठेवावा, तशी शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत पृष्ठभागावर मांडत असते. तुकडा आठ ते दहा अमिनो आम्लांचा, आणि तो धरून ठेवणारा रेणू म्हणजे एचएलए. निरोगी पेशीने मांडलेले सगळे तुकडे आपलेच असतात. त्यात विषाणूचा एखादा तुकडा दिसला की मारक टी पेशी ती अख्खी पेशी संपवते. बी पेशी अखंड, घडी घातलेला आकार ओळखते, आणि टी पेशी ओळखते चिरून एचएलएवर ठेवलेला तुकडा. दोघींची नजरच वेगळी.

हे १९७४ मध्ये कळलं, कॅनबेरात. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल उंदरांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. संसर्ग झालेल्या उंदराच्या टी पेशींनी त्याच वाणाच्या बाधित पेशी मारल्या. दुसऱ्या वाणाच्या पेशींत तोच विषाणू होता, पण त्यांना हातही लावला नाही. म्हणजे टी पेशी नुसता विषाणू बघत नव्हती. विषाणू आणि 'आपल्या' एचएलएची (उंदरांत त्याच्या जोडीच्या रेणूची) चौकट, दोन्ही मिळून बघत होती. १९९६ चं नोबेल यासाठी. अवयवदानाच्या वेळी एचएलए जुळवतात ते हेच रेणू.

काही विषाणू यातूनही पळवाट काढतात. नागिणीच्या कुळातले कित्येक विषाणू बाधित पेशीला एचएलए वर पाठवूच देत नाहीत, म्हणजे तुकडा दिसायलाच नको. पण एनके नावाच्या पेशी नेमकं तेच तपासत फिरतात. एचएलए गायब दिसला की एनके पेशी त्या बाधित पेशीला मारतात.

रात्रपाळी

बी आणि टी वेगळं बघतात हे पुस्तकी वाटेल, पण या एका फरकाने बालरोग विभागाचं चित्र पालटलं.

हिब नावाचा जीवाणू लहान मुलांमध्ये मेंदूज्वराचं मोठं कारण होता. मुलं दगावत, जगली तर अनेकांचं ऐकू येणं जात असे. या जीवाणूभोवती साखरेच्या साखळ्यांचं वेष्टण असतं. ती साखर काढून लस केली, मोठ्या मुलांत चालली, आणि दोन वर्षांखालच्या बाळांत, जिथे सर्वांत गरज होती तिथेच, जवळजवळ निरुपयोगी ठरली. कारण साखर टी पेशीला दिसतच नाही. एचएलएवर मांडले जातात ते प्रथिनांचे तुकडे. टी पेशीच्या मदतीशिवाय बाळाची बी पेशी साखरेला नीट दाद देत नाही.

तोडगा असा निघाला की साखर एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला. आता साखर ओळखणारी बी पेशी साखर धरते आणि तिच्यासोबत जोडलेलं प्रथिनही गिळते. आत ते चिरून तुकडे एचएलएवर मांडते. धनुर्वाताचा तुकडा ओळखणारी मदतनीस टी पेशी येते, आपला तुकडा दिसला म्हणून या बी पेशीला हिरवा कंदील देते, आणि बी पेशी अँटीबॉडी बनवते ती साखरेविरुद्धची. दोन पेशी एकाच कणाच्या दोन वेगळ्या भागांकडे बघताहेत आणि तरी काम जुळतंय. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही जोडलस वापरात आली, आणि जिथे ती सर्व बाळांना दिली जाते तिथे हिबचा मेंदूज्वर जवळपास दिसेनासा झाला. न्यूमोकोकस या न्यूमोनिया आणणाऱ्या जीवाणूची बाळांना देण्याची लसही याच धर्तीवर.

मोहर

वाचनखूण साठवली. साखर आणि प्रथिनाची गोष्ट दोनदा वाचली, मग डोक्यात शिरली. येऊ द्या अजून.

किलबिल

बूस्टरबद्दल विचारायचं होतं. दोन डोसांत काही आठवड्यांचं, कधी महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात. लवकर घेतला तर लवकर संरक्षण मिळायला नको का?

अनुस्वार

@किलबिल, या मधल्या आठवड्यांत गाठीत जे चालतं ते मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टी पेशीची मदत मिळालेल्या काही बी पेशी लगेच अँटीबॉडी ओतायला लागतात. ती पहिली, घाईची फळी. काही मात्र गाठीतच एका गोल वस्तीत जमतात, तिला जननकेंद्र म्हणतात. तिथे 'एड' नावाचं विकर (तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेतला शोध) बी पेशीच्या डीएनएत मुद्दाम चुका घालतं, पण फक्त अँटीबॉडीच्या जनुकांत. चुकांचा वेग नेहमीच्या सुमारे दहा लाख पट. आधीच आंधळेपणाने बनलेल्या आकारात पुन्हा आंधळे बदल.

बदललेली बी पेशी मग केंद्राच्या दुसऱ्या भागात जाते. तिथे जाळीदार पेशींवर प्रतिजन टांगून ठेवलेला असतो. जिची पकड घट्ट, ती जास्त प्रतिजन ओढून घेते, टी पेशीला जास्त तुकडे दाखवते आणि जगते. जिची पकड बदलामुळे ढिली झाली, ती मरते. जगलेल्या पेशी परत मागच्या भागात जाऊन विभागतात, पुन्हा चुका, पुन्हा चाचणी. उत्क्रांतीला जंगलात हजारो वर्षं लागतात तेच इथे वाटाण्याएवढ्या गाठीत काही आठवड्यांत घडतं. या फेऱ्यांतून निघालेली अँटीबॉडी सुरुवातीच्या अँटीबॉडीपेक्षा कित्येक पटींनी घट्ट धरते. यातूनच स्मृतिपेशी निघतात, आणि अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं अँटीबॉडी सोडत राहणाऱ्या प्लाझ्मा पेशीही.

पहिल्या डोसनंतरच्या या फेऱ्या पूर्ण व्हायला वेळ द्यावा लागतो. शिवाय रक्तात आधीच भरपूर अँटीबॉडी असताना नवा प्रतिजन टोचला, तर त्यातला बराच त्या अँटीबॉडीच झाकून टाकतात आणि स्मृतिपेशींपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून अंतर.

रात्रपाळी

थोडी भर. रिपोर्टवर आयजीएम आणि आयजीजी (अँटीबॉडीचे दोन प्रकार) लिहून येतं त्याचाही उलगडा इथेच होतो. पहिल्या फळीत मुख्यतः आयजीएम. पाच अँटीबॉडी एकत्र जोडलेल्या असतात, एकेकीची पकड सैल पण हात दहा. पुढे तीच बी पेशी चिकटायचं टोक तसंच ठेवते आणि मागचा भाग बदलते, तेव्हा आयजीजी बनते. आयजीजी वारेतून बाळाकडे जाते, म्हणून नवजात बाळ काही महिने आईच्या अँटीबॉडींवर असतं. गोवराची लस जन्मल्या जन्मल्या न देता नवव्या महिन्यापासून पुढे देतात त्याचंही हेच कारण. आईच्या अँटीबॉडी उरलेल्या असतील तर त्या लसीतला विषाणूच निकामी करतात.

उंबरठा

एवढं वाचल्यावर मनातलं विचारते. इम्युनिटी वाढवणाऱ्या गोळ्या, पावडरी घराघरांत आहेत. त्या यातलं नेमकं काय वाढवतात?

रात्रपाळी

@उंबरठा, कुपोषण असेल, जस्त किंवा अ-जीवनसत्त्व खरोखरच कमी असेल, तर पेशी नीट वाढत नाहीत आणि कमतरता भरून काढल्यावर फरक पडतो. हे पक्कं आहे. पोट भरून जेवणाऱ्या, कमतरता नसलेल्या माणसाची इम्युनिटी सरसकट 'वाढवणं' म्हणजे काय, हे मात्र मला आजवर कुणी नीट सांगू शकलेलं नाही. वरचं सगळं पुन्हा वाचा. या व्यवस्थेचा निम्मा कारभार आवर घालण्याचा आहे. आयजीई या प्रकारची अँटीबॉडी जास्त झाली की ॲलर्जी, टी पेशींचा आवर सुटला की संधिवात किंवा टाइप १ मधुमेह. अवयव बदललेल्या रुग्णांना तर आम्ही जन्मभर प्रतिकारशक्ती दाबण्याची औषधं देतो.

टी पेशींचा आवर खरोखर सैल करणारी औषधं आहेत. जेम्स ॲलिसन आणि होन्जो यांनी टी पेशीवरचे दोन ब्रेक ओळखले, त्यांना रोखणाऱ्या औषधांनी पसरलेल्या मेलॅनोमाचे (कातडीच्या एका कर्करोगाचे) काही रुग्ण वर्षानुवर्षं जगले, आणि २०१८ चं नोबेल या दोघांना मिळालं. पण ही औषधं घेणाऱ्यांमध्ये आतड्याला सूज येते, थायरॉइड बंद पडतो, कधी फुप्फुसं, कधी यकृत सुजतं. कर्करोगासमोर हा धोका पत्करण्याजोगा असतो. निरोगी माणसाला असा परिणाम हवा आहे असं मला वाटत नाही. त्या डब्यांवर लिहिलेलं खरं असतं, तर ते डॉक्टरच्या देखरेखीशिवाय विकताच आले नसते.

सडेतोड

माझं मत थोडं वेगळं आहे. आजार होऊन गेला की मिळणारी प्रतिकारशक्ती लसीपेक्षा पक्की, हे तरी मान्य कराल? आमच्या आधीच्या पिढीला लहानपणी गोवर झाला, परत कधी झाला नाही.

अनुस्वार

@सडेतोड, तुमचा दाखला खरा आहे, आणि त्याचा पुरावा फार जुना आहे. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. पेटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरला तिथे पाठवलं होतं. त्याआधीची साथ १७८१ मधली, मध्ये ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हताच. सुमारे ७,८०० वस्तीतल्या ६,००० च्या आसपास लोकांना तो झाला. पण १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेले जे म्हातारे हयात होते, त्यांना झाला नाही. ६५ वर्षांत एकदाही विषाणू न भेटता स्मृती टिकली होती.

पण त्या स्मृतीसाठी काय मोजावं लागतं तेही बघायला हवं. गोवराचा विषाणू शिरतो तो स्मृतिपेशींवरच्याच एका रेणूला धरून, आणि त्याच पेशी मारतो. लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलांनी इतर रोगांविरुद्ध कमावलेल्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. गोवराची स्मृती पक्की राहिली आणि बाकीच्या आजारांच्या आठवणी पुसल्या गेल्या. लशीतला कमकुवत केलेला विषाणू असं करताना दिसला नाही. दोन डोसांनी गोवरापासून सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं. तुमच्या आधीच्या पिढीतले जे आज सांगायला आहेत ते वाचलेले आहेत. गोवराने गेलेल्या मुलांची गणती या आठवणींत येत नाही. हे मी वाद घालायला लिहीत नाही, मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं.

आणि 'आजार झाला म्हणजे संरक्षण पक्कं' हा सगळ्या रोगांना लागू होणारा नियमही नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाच्या अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला अर्धवट चिकटतात, त्याला निकामी करत नाहीत, उलट त्याला पेशीत शिरायला मदत करतात. म्हणून डेंग्यूत दुसरा आजार पहिल्यापेक्षा गंभीर होण्याचा धोका जास्त.

तिरपा रकाना

गोवर ६५ वर्षं लक्षात राहतो, मग फ्लूची लस दरवर्षी का?

अनुस्वार

दोन कारणं. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं सतत बदलतात, त्यामुळे जुनी अँटीबॉडी शाबूत असली तरी तिला धरायला जागा उरत नाही. १९१८ ची साथ पाहिलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या रक्तात त्या जुन्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी २००८ मध्येही सापडल्या. म्हणजे स्मृती पुसलेली नव्हती, विषाणू पुढे निघून गेला होता. गोवराच्या विषाणूला पृष्ठभागावरची प्रथिनं अशी बदलणं परवडत नाही, पेशीत शिरायची त्याची क्षमताच जाते.

दुसरं कारण वेळेचं. गोवराची लक्षणं दिसायला दहा-एक दिवस लागतात, तेवढ्यात स्मृतिपेशी जाग्या होऊन कामाला लागलेल्या असतात. फ्लू एक ते चार दिवसांत उभा राहतो. तिथे स्मृतिपेशींना वाढायला सवड नसते, अँटीबॉडी रक्तात आणि नाकाघशात आधीच तयार लागते, आणि ती काही महिन्यांत ओसरते.

पारवा

शेवटचा प्रश्न. ओळखीतल्या एका गृहस्थांना धनुर्वात झाला होता, बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते, सुदैवाने वाचले. आता त्यांना जन्मभराचं संरक्षण मिळालं असं ते म्हणतात आणि इंजेक्शनं बंद केली आहेत. बरोबर आहे का?

रात्रपाळी

@पारवा, नाही, आणि हे त्यांना आजच सांगा. धनुर्वाताचं विष इतकं जहाल असतं की वजनाच्या एका किलोमागे ग्रॅमचे काही अब्जांश भाग जीव घ्यायला पुरतात. एवढ्या थोड्या रेणूंमधून पुरेशा बी आणि टी पेशींना ते भेटतच नाही. माणूस आजारी पडतो, बरा होतो, आणि त्याच्या गाठींना काही झाल्याचा पत्ताही नसतो. लशीत हेच विष फॉर्मलिनने निर्विष करून कितीतरी मोठ्या मात्रेत, ॲल्युमिनियमच्या क्षारासोबत देतात, तेव्हा कुठे जननकेंद्रं उभी राहतात. धनुर्वातातून उठलेल्या रुग्णालाही आम्ही लशीचे सगळे डोस देतो, पहिला तो वॉर्डात असतानाच. त्यांचे पूर्ण झाले होते का, ते विचारा. नसतील किंवा आठवत नसेल, तर जवळच्या डॉक्टरकडे नेऊन राहिलेले डोस द्यायला लावा.

पारवा

संध्याकाळीच फोन करते. धन्यवाद, डॉक्टर.